सोंडेवरचा जामीन

आमचे राज्यशास्त्राचे सर कुत्र्यांना भयंकर घाबरायचे, आणि राहायला होते बिरवाडीत. बिरवाडी पाहिलेल्याला यातला विनोद लगेच कळेल. औद्योगिक वसाहतीला लागून असलेलं हे मोठं गाव. कारखान्यांतले कामगार इथे खोल्या भाड्याने घेऊन राहतात, आणि खोल्यांच्या प्रत्येक रांगेला दोनतीन कुत्री ठरलेली. सरांच्या खोलीपासून मिनीडोर रिक्षाच्या थांब्यापर्यंत असे चार कळप लागायचे. सर रोज सकाळी एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा घेऊन निघत. छत्री बारा महिने काखेत. शिवाय प्रत्येक कुत्र्याला त्यांनी नाव ठेवलं होतं आणि त्या नावाने ते अदबीने हाक मारायचे, "काय रावसाहेब, आज इकडे कुठे?"

मी त्याच गावात मावशीकडे राहून महाडच्या कॉलेजात शिकत होते. त्यामुळे ही मिरवणूक मला रोज बघायला मिळायची. एकदा मी धीर करून विचारलं, "सर, काठी आहे तर बिस्किटं कशाला?"

सर थांबले. रस्त्यात थांबून उत्तर द्यायची त्यांना खोड होती, मग मागे ट्रकचा हॉर्न का वाजेना.

"काठी आहे हे कुत्र्याला माहीत पाहिजे, पण ती उगारायची वेळ येता कामा नये. बिस्किट दिलं की उद्याही मिळेल अशी त्याला आशा राहते. आणि नावाने हाक मारली की आपली ओळख आहे हे त्याला विसरता येत नाही. जगातली सगळी राष्ट्रं हेच तीन धंदे करतात. ज्याला एकच धंदा जमतो त्याला कुत्रं चावतं."

सिद्धांत उत्तम होता. प्रत्यक्षात चार महिन्यांत कुत्र्यांनी सरांना असं वळण लावलं की बिस्किटाशिवाय ती त्यांना थांब्यापर्यंत जाऊ देईनात. एका पुड्याचे दोन झाले. मावशी म्हणायची, "गो, तुझा सर जगाचं शिकवतो आन् कुत्र्यांना खंडणी देतो!" मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते खळखळून हसले आणि तोच दाखला त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गात दिला, मावशीचं नाव घेऊन.

पहिल्याच तासाला ते प्रत्येकाला एक देश द्यायचे आणि वर्षभर त्याच नावाने हाक मारायचे. हजेरीसुद्धा तशीच. "जपान?" "हजर." "फ्रान्स?" "सर, फ्रान्सची एस.टी. चुकली." "ए इजिप्त, खिडकी लाव, ऊन येतंय." मी पोलादपूरच्या वरच्या अंगाची, आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून डोंगर चढून जावं लागतं अशा वाडीतली, गुरं-शेळ्या राखणाऱ्या घरातली. मला त्यांनी भूतान दिला. मला तेव्हा राग आला होता. मैत्रिणीला अमेरिका मिळाली होती आणि मला भूतान. सर म्हणाले, "अमेरिका कोणीही चालवेल. दोन थोरल्या शेजाऱ्यांमध्ये घर सांभाळून दाखव, मग बोल."

दर सोमवारी आपापल्या देशाबद्दल तीन गोष्टी सांगायच्या: पोट, दार आणि शेजार. देशात खायला-प्यायला, इंधनाला किती दिवसांचं आहे, हे पोट. सीमा आणि सैन्य, हे दार. आणि बोलणं कोणाशी चालू आहे, कोणाशी तुटलं, हा शेजार. गाइडमधली व्याख्या कोणी म्हणून दाखवली की सर कानांत बोटं घालून बसायचे, अगदी खरोखर. मुलं मुद्दाम व्याख्या म्हणायची.

स्वतःच्या बाबतीत म्हणाल तर माणूस पक्का भित्रा. मूळचे महाड बाजारपेठेतले. नदीचं पाणी दरवाज्यातून आत येऊन माळ्याला लागलेलं त्यांनी पाहिलं होतं, म्हणून उंचावर राहायला बिरवाडीत आले. खोलीत तीन बॅटऱ्या, दोन स्टोव्ह, एक दोरखंड, आणि माळ्यावर तीन महिन्यांचे तांदूळ. जुने तांदूळ आधी संपवायचे हा नियम असल्यामुळे ते कायम पोरकिडे लागलेलेच तांदूळ खायचे. एकदा आम्ही चार देश त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. जपानने भातातला किडा बोटाने बाजूला काढला. सर म्हणाले, "सुरक्षिततेत किडे असतातच. निवडून खायचं." आम्ही निवडून खाल्लं. चव मात्र छान होती, सर आमटी फक्कड करायचे.

आता आमच्या वाडीचं सांगते, कारण त्याशिवाय सर कळायचे नाहीत.

आमच्या वाडीच्या वर डोंगराची एक सोंड उतरते. सोंडेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे दुसरी वाडी. दिवाळीनंतर गवत कापून आम्ही त्याच्या उडव्या रचतो, म्हणजे मोठ्या गंजी. पाऊस येईपर्यंत गुरांचं सगळं त्याच्यावर. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला तर तो उडव्यांपर्यंत येऊ नये म्हणून सोंडेवरचा गवताचा पट्टा आपणच आधी जाळून टाकायचा. जळालेल्या जागेवरून आग पुढे सरकत नाही. ही रीत जुनी आहे आणि चांगली आहे.

पण दोन्ही वाड्यांत भांडण झालेलं. कशावरून ते कोणाला नीट सांगता यायचं नाही. कोणी पाण्याच्या कुंडीचं नाव घ्यायचं, कोणी एका बैलाचं. तेव्हापासून बोलणं बंद, आणि पट्टा ज्याने त्याने वेगळा जाळायचा. त्यात मेख अशी की जो आधी पेटवील त्याची आग सोंड ओलांडून दुसऱ्याच्या अंगावर जाते. म्हणून त्यांनी एक वर्षी होळीच्या आठवडाभर आधी जाळला. पुढल्या वर्षी आम्ही पंधरा दिवस आधी. असं करत करत दोघंही संक्रांतीपर्यंत येऊन पोचले. संक्रांतीला गवत वरून पिवळं आणि बुडाशी हिरवं असतं. ते एका दमात जळत नाही, धुमसत राहतं, आणि दुपारी खालून वारा सुटला की तेच पुन्हा भडकतं. दिवस कळू नये म्हणून गुपचूप जाळायचं, म्हणजे आग झोडपायला माणसंही चारच. दोन्हीकडे शहाणी माणसं होती, आणि दोन्हीकडे दरवर्षी हाच गाढवपणा व्हायचा.

मी शेवटच्या वर्षाला गेले त्याच्या आदल्या हंगामात त्यांची धुमसलेली आग आमच्या तीन उडव्यांना लागली. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, गुरं घेऊन तीन महिने खाली नदीकाठच्या नातेवाइकांकडे जाऊन राहिले. परत आल्यावर त्यांनी मला बसवून सांगितलं, "गो, यंदा आनिक गवत गेलं तर तुझं कालेज बंद. गुरांमागं मानूस लागतं, आन् माझं पाय आता चालत नाय." आबा बोलले की ते होणार. ओरडून बोलले असते तर मी वाद घातला असता.

हे सगळं मी एकदा वर्गात सांगून बसले. सरांनी शत्रुत्वाचं उदाहरण मागितलं, मी तावातावाने पल्याडच्या वाडीचं दिलं. त्यानंतर सरांना चैन पडेना. 'आधी कोणी जाळलं', 'किती दिवस आधी', 'वारा कुठून' असे त्यांचे प्रश्न मिनीडोरमध्येही चालू. संक्रांतीच्या आधीच्या शुक्रवारी माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, रविवारी आम्ही पट्टा जाळणार आहोत. ह्या वेळी सोंडेच्या अगदी माथ्यावरून. जाऊ दे त्यांच्याकडे."

"पल्याडच्यांना माहीत आहे?"

"माहीत झालं तर ते शनिवारी पेटवतील ना, सर!"

त्या दिवशी सर रावसाहेबांना बिस्किट द्यायलाही विसरले.

रविवारी सकाळी दव उठल्यावर आबा, मी आणि वाडीतले तिघे ओल्या डहाळ्या घेऊन सोंडेवर चढलो. माथ्यावर येतो तर समोर अख्खी पल्याडची वाडी उभी. बायका, माणसं, सगळ्यांच्या हातात डहाळ्या. पुढे एक वाळकी म्हातारी, हातात पेटतं कोलीत. आणि तिच्या बाजूला दगडावर, छत्री मांडीवर आणि बिस्किटांचा पुडा हातात घेऊन, आमचे सर.

आबांनी विचारलं, "ह्यांना कुनी सांगितलं?"

"मी. काल येऊन सांगितलं, आणि तुम्ही येईपर्यंत पेटवू नका म्हणालो," सर म्हणाले. "मला भूतानने सांगितलं."

एवढा खरेपणा माणसाने करू नये. आबांनी माझ्याकडे पाहिलं. भूतान कोण हे त्यांना विचारावंच लागलं नाही. माझी पाचावर धारण बसली. आबा हळू आवाजात म्हणाले, "घरी चल. उद्यापासनं कालेज नाय."

मला सरांचा त्या क्षणी इतका संताप आला की सांगता सोय नाही. मी विश्वासाने सांगितलं आणि त्यांनी ते उघडं केलं. वाडीत फितूर म्हणून मी जन्मभर ओळखली जाणार होते.

तेवढ्यात म्हातारी बोलली. "थांब रे बाबा. पोरीला काय बोलतोस? तुझा बाप आन् माझा सासरा मिळून लावायचे हितं. तू ल्हान व्हतास. तुम्ही तुमच्या अंगानं, आम्ही आमच्या अंगानं, येकाच टायमाला. दोनी आगी वर चढत्यात, मधी भेटत्यात आन् मरत्यात. कुनाचं काय जळत नाय."

आबा म्हणाले, "आन् तुमी आधी लावली तर?"

"आन् तुमी आधी लावली तर?" म्हातारी म्हणाली.

खरी अडचण हीच होती, आणि दोघांनी ती अगदी त्याच शब्दांत सांगितली होती. माथ्यावर मधोमध एक कातळ आहे, खळ्याएवढा, त्यावर गवताची काडी नाही. म्हातारीने कोलीत त्या कातळाकडे रोखलं.

"तवा हितं जामीन उभा करायचे. लांबचा मानूस, दोनींचा नाय असा. कुनी लबाडी केली तर आग त्याच्या अंगावर जानार. ह्या मास्तराला उभा करा. मास्तर भाजला तर दोनी वाड्यांत पोलीस येत्याल. मग कोन लबाडी करतंय बघू."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. पुराच्या भीतीने घर बदललेला माणूस, आणि त्याला दोन आगींच्या मध्ये उभं राहायला सांगत होते. त्यांनी कातळाकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मी उभा राहिलो तर हिचं कॉलेज चालू राहील?" त्यांनी आबांना विचारलं.

आबा म्हणाले, "गवत ऱ्हायलं तर ऱ्हाईल."

सरांनी छत्री माझ्या हातात दिली. "ही जळायला नको." बिस्किटांचा पुडाही दिला. कोणीतरी भिजवलेलं गोणपाट आणलं, ते त्यांनी डोक्यावरून घेतलं आणि कातळावर चढले. पाय लटपटत होते, दोन्ही वाड्यांना दिसत होते.

आम्ही आमच्या उतारावर खाली गेलो, ते त्यांच्या. म्हातारीने कुकारा घातला, डोंगरात घालतात तशी लांब हाक, आबांनी उत्तर दिलं, आणि दोन्हीकडून एकदम आग लागली. आम्ही आमच्या बाजूला खाली सरकणारी आग डहाळ्यांनी झोडपत होतो. वर जाणारी आग कमरेएवढी उठली आणि कडकड वाजत माथ्याकडे निघाली. धूर असा झाला की कातळ दिसेना. मी छत्री छातीशी धरून उभी होते. मला कॉलेज आठवत नव्हतं, उडव्या आठवत नव्हत्या, ती पायांची लटपट तेवढी डोळ्यांसमोर होती.

आबा ओरडले, "मास्तर!" पलीकडून म्हातारीची हाक आली, "मास्तर हाय का रे?" मग दोन्ही उतारांवरून सगळेच ओरडायला लागले. इतक्या वर्षांत त्या दोन वाड्यांनी एका तोंडाने केलेलं हे पहिलंच बोलणं असेल.

आधी खोकला ऐकू आला. मग धुरातून सरांचा वर्गातला आवाज आला, "हजर!"

धूर विरला तेव्हा पट्टा काळा झालेला, आग मेलेली, आणि सर कातळावर मांडी घालून बसलेले. भुवया जरा होरपळल्या होत्या. दोन्ही बाजूंची माणसं वर धावली, आणि सरांना पाणी पाजायला म्हातारी आणि आबा एकाच तांब्याला झोंबले. मी बाजूला उभी राहून रडत होते. घरी आल्यावर आबा जेवता जेवता एवढंच म्हणाले, "सोमवारची येश्टी किती वाजता हाय?"

सोमवारी वर्गात मी विचारलं, "सर, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली म्हणून तर उपयोगी पडलो. आगीला न भिणारा माणूस जामीन म्हणून कुचकामी. त्याचं काही पणाला लागलेलंच नसतं. तहावर सह्या कोणी केल्या ते तर सगळेच वाचतात. तह मोडला तर कोण भाजणार, ते आधी बघत जा." मग त्यांनी माझी जाहीर क्षमा मागितली. "भूतानचं गुपित मी फोडलं. विचारून फोडायला हवं होतं." चाळीस मुलांसमोर. आमच्याकडे शिक्षक मुलांची क्षमा मागत नाहीत. मला कुठे बघावं ते कळेना.

त्यानंतर दर वर्षी पट्टा दोन्ही वाड्या मिळून जाळतात, पूर्वीसारखा होळीच्या आधी, गवत पुरतं वाळल्यावर. सर दर वर्षी येऊन उभे राहायचे. निवृत्त होऊन लेकीकडे पुण्याला गेले तरी यायचे, एस.टी.ने, काखेत छत्री घेऊन. वाड्यांची दिलजमाई झाली म्हणाल तर तसं काही नाही. कुंडीवरून अजून कुरबुर होते. पण आमच्या उडव्या तेव्हापासून जळल्या नाहीत, त्यांच्याही नाहीत. मी शिकले, बी.एड. केलं, आता बिरवाडीतच शाळेत शिकवते. लोक विचारतात, तुझ्या शिक्षणासाठी कोणी काय केलं? कोणाच्या बापाने जमीन विकलेली असते. माझ्यासाठी एक भित्रा माणूस आगीत उभा राहिला होता. हे उपकार फेडायचे कसे ते मला माहीत नाही, आणि फेडावेत असं वाटतही नाही. असू देत ते माझ्या अंगावर.

यंदा सरांचे गुडघे गेले. लेक पाठवीना. आता कातळावर कोण, म्हणून दोन्ही वाड्या सोंडेवर जमल्या. म्हातारी आता फार थकली आहे, तिला पाठुंगळी घेऊन आणलं होतं. कोणी ग्रामसेवकाचं नाव घेतलं, कोणी दुसऱ्या गावच्या भगताचं. म्हातारीने माझ्याकडे बोट केलं. "ही उभी ऱ्हाईल."

तिचाच नातू म्हणाला, "आजे, ती त्यांची हाय की!"

"ती त्यांची कवाच नाय," म्हातारी म्हणाली. "ती मास्तराची हाय."

मी पदर खोचला, ओलं गोणपाट घेतलं आणि कातळावर गेले. इतक्या वर्षांत मी त्यावर कधी पाय ठेवला नव्हता. खाली माणसं आपापल्या जागेवर जाईपर्यंत वेळ होता, म्हणून मी चहूकडे पाहिलं. अलीकडे आमची वाडी, आमच्या अकरा उडव्या. पलीकडच्या उडव्या त्यांच्या घरांमागे, सोंडेच्या वळणाआड आहेत, आमच्या वाडीतून काय, माथ्यावरूनही त्या दिसत नाहीत. कातळावर चढलं तरच दिसतात. दोन होत्या. लहान लहान, एकमेकींना टेकलेल्या. लहानपणापासून मी ऐकत आले होते की पल्याडचे लोक जोरात आहेत, त्यांच्याकडे गवत मायंदाळ, त्यांना आमचं जळालं तरी काय फरक पडतो.

मोबाइलला रेंज फक्त तिथेच मिळते. मी सरांना फोन लावला.

"बोल, भूतान. पोचलीस वर?"

"सर, त्यांच्या दोनच उडव्या आहेत."

सर म्हणाले, "माझ्या पहिल्या वर्षीही दोनच होत्या."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तुझे आबा निर्धास्त झाले असते. दोन उडव्यांच्या वाडीशी कोण तह करतो? जामिनाला वरून जे दिसतं ते वरच ठेवायचं असतं. फोन ठेव आता, गोणपाट घे डोक्यावर."

कुकारा झाला. दोन्हीकडून आग वर चढली, मधे भेटली आणि मेली. भीती वाटली, पुष्कळ वाटली. "हजर" म्हणून ओरडताना घसा बसला.

खाली आले तर आबा अंगणात खाटेवर बसले होते. आता त्यांना सोंड चढवत नाही. त्यांनी मला पाणी दिलं, माझ्या भुवया नीट आहेत का ते पाहिलं, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "काय गो, वरनं त्यांचं गवत दिसलं का? किती हाय?"

मी तांब्या खाली ठेवला.

"काय नाय दिसलं, आबा," मी म्हटलं. "धूर व्हता नुसता."